भिंतीवरची रेघ: पोर्शे ९११, मस्टँग आणि सांगलीच्या काकांची बोटं

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना दर वाक्याला येणारं 'अॅक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, त्याबद्दल आधी सॉरी. ऑफिसमध्ये एक वाद चालू होता आणि रात्री घरी येऊन माइक लावायची ताकदच उरत नव्हती. आज गाड्यांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात त्या वादापासूनच करते.

मी ज्या कंपनीत आहे ती दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. त्याची एक जुनी आवृत्ती आहे. कॉम्प्युटरवर चालणारी, करड्या रंगाची, माउसला हातही न लावता वापरता येणारी. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिची नवी आवृत्ती काढली. सगळा कोड नव्याने लिहिला, स्क्रीन देखणे केले, मोबाइलवर चालेल असं केलं. त्या टीममध्ये मी होते आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता.

मग एक दिवस सपोर्टचा फोन माझ्याकडे वळवला गेला. पलीकडे सांगलीचे एक किराणा दुकानदार होते, साठीच्या पुढचे. ते म्हणाले, "मॅडम, दिसायला झकास आहे हो तुमचं. पण माझी बोटं चुकायला लागली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन बिल कुठल्या बटणावर, उधारी कुठल्या बटणावर, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, स्क्रीनकडे न बघता ते बिल करायचे. मी ती बटणं बदलली होती. कारण काय, तर नवी रचना 'जास्त लॉजिकल' होती. काका आठवड्याभरात जुन्या आवृत्तीवर परत गेले. त्यांच्यासारखे आणखीही काही.

आता प्रश्न असा आहे की ती जुनी आवृत्ती बंद करायची का? ती सांभाळायला माणसं लागतात, वेळ लागतो. मला येत्या बुधवारी एक पानी नोट लिहून द्यायचीय, बंद करा किंवा करू नका. आणि अशा वेळी मी काय करते? काम टाळते आणि गाड्यांबद्दल वाचत बसते. बीटेकला मला मेकॅनिकल हवं होतं, मिळालं कॉम्प्युटर, ती हौस अजून फिटलेली नाही. पण यावेळी काम टाळता टाळता पुन्हा त्याच प्रश्नापाशी आले. म्हणून आजचा विषय: एखाद्या जुन्या, लोकांच्या लाडक्या स्पोर्ट्स कारचं पुढे काय करायचं, हे गाड्या बनवणाऱ्या कंपन्या कसं ठरवतात?

सुरुवात पोर्शेपासून. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शेने एक नवी गाडी दाखवली. नाव होतं ९०१. प्यूजो कंपनी म्हणाली, थांबा, तीन आकडे आणि मधे शून्य अशी नावं फ्रान्समध्ये आमची आहेत. मग पोर्शेने मधला शून्य काढून एक घातला आणि गाडी झाली ९११. आज ज्या आकड्यावर लोक जीव टाकतात, तो असा तडजोडीतून आलेला आहे.

या गाडीचं इंजिन मागे असतं. नुसतं मागे नाही, मागच्या चाकांच्याही मागे. कल्पना करा, बुलेटच्या कॅरिअरवर सिमेंटची गोणी बांधलीय आणि तुम्ही वळण घेताय. वळणात मधेच घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, की गाडीची शेपटी बाहेर पळायला बघते. कागदावर बघितलं तर हे चुकीचं डिझाइन आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर आर्किटेक्चरमध्येच बग. पण पोर्शेच्या इंजिनिअरांनी ते आर्किटेक्चर फेकलं नाही, एकेक पॅच मारत गेले. सुरुवातीच्या काही गाड्यांत तोल साधायला पुढच्या बंपरमागे चक्क वजनं बसवली होती. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन तिथेच ठेवलं आणि चाकं त्याच्याकडे नेली. मग रुंद टायर, नवं सस्पेन्शन, असं वर्षानुवर्षं चालू राहिलं.

आता सत्तरच्या दशकात या. अमेरिकेत प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम कडक होत होते. पोर्शेचे तेव्हाचे प्रमुख अर्न्स्ट फुर्मान. ते स्वतः नावाजलेले इंजिन-इंजिनिअर. त्यांचं मत झालं की ९११ चे दिवस भरले. त्यांनी १९७७ मध्ये ९२८ आणली. इंजिन पुढे, आठ सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं. ऐसपैस, शांत, तोल उत्तम. आणि ही गाडी वाईट नव्हती बरं का! १९७८ चा युरोपियन कार ऑफ द इयर हा किताब तिला मिळाला, जो सहसा घरगुती गाड्यांना मिळतो. म्हणजे नवी आवृत्ती फसली म्हणून जुनी वाचली, इतकी सोपी ही गोष्ट नाही. नवी आवृत्ती खरंच चांगली होती.

१९८१ च्या सुरुवातीला पोर्शेत नवे प्रमुख आले, पीटर शुट्झ. जन्म बर्लिनचा, पण वाढलेले अमेरिकेत. त्यांनी नंतर अनेकदा सांगितलेला किस्सा असा. ते इंजिनिअरिंगचे मुख्य हेल्मुथ बॉट यांच्या ऑफिसात गेले. भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर ९४४, ९२८ आणि ९११ या तिन्ही गाड्यांच्या पुढच्या योजनांच्या रेघा होत्या. पहिल्या दोन रेघा पुढे बऱ्याच वर्षांपर्यंत गेल्या होत्या. ९११ ची रेघ १९८१ च्या शेवटी संपत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला, ती रेघ तक्त्याच्या शेवटापर्यंत नेली, तिथून भिंतीवर आणि तशीच दाराबाहेर.

मला हा किस्सा ऐकून आधी अंगावर काटा आला. मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, रेघ ओढणं सोपं आहे हो! मार्करला किती खर्च येतो? ती रेघ पुढे ज्यांनी ओढत नेली त्यांचं काय? तर ते बघू.

९११ चं इंजिन हवेने थंड व्हायचं. मागून येणारा तो पंख्याचा आवाज हीच तिची ओळख होती, चाहत्यांसाठी तो मंदिरातल्या घंटेसारखा. पण नियम कडक झाले. कमी धूर आणि जास्त ताकद एकदम हवी असेल तर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह लागतात आणि इतकी उष्णता नुसत्या हवेने निघत नाही. आवाजाचेही नियम आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे पैशांचे हालही फार वाईट होते. वेन्डेलिन वीडेकिंग नावाचे नवे प्रमुख आले, त्यांनी जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची शिस्तच बदलली. आणि मग मोठा निर्णय झाला. हवेने थंड होणारी शेवटची ९११, म्हणजे ९९३, ही १९९८ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आली ९९६, पाण्याने थंड होणारी. खर्च वाचावा म्हणून तिचा पुढचा बराच भाग स्वस्तातल्या बॉक्सस्टर या गाडीबरोबर वाटून घेतला. दिवेसुद्धा तेच.

चाहते खवळले! गंमत बघा, इंजिन पाण्याने थंड होतंय याचा राग होताच, पण जास्त राग दिव्यांवर निघाला. ९११ चे दिवे कायम गोल असायचे. ९९६ चे दिवे खाली पसरलेले, इंडिकेटरचा पिवळा भाग त्यातच. लोकांनी नाव ठेवलं, 'फुटलेलं अंडं'. २००४ मध्ये पुढची पिढी आली, ९९७. इंजिन अर्थातच पाण्याचंच राहिलं. दिवे मात्र पुन्हा गोल झाले.

इथे मी व्हिडिओ थांबवला आणि वहीत लिहिलं. इंजिन थंड करायची पद्धत बदलली, हे हळूहळू लोकांनी पचवलं, कारण त्याला कारण होतं आणि गाडी खरोखर चांगली झाली. दिव्यांच्या बदलाला चालवणाऱ्याच्या दृष्टीने काही कारणच नव्हतं, फायदा होता तो कंपनीच्या हिशेबात. माझी बिलाची बटणं आठवली. डेटाबेस बदलला तेव्हा काकांना पत्ताही लागला नव्हता. बटणं बदलली त्याच दिवशी फोन आला.

मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ तयार झाली. हिरव्या रंगाची. ९२८ मात्र १९९५ मध्येच बंद झाली होती. आणि बदल अजून चालूच आहेत. २०२४ मध्ये ९११ ला पहिल्यांदा हायब्रिड यंत्रणा मिळाली. त्याच वर्षी मधला काट्याचा मोठा मीटर गेला आणि पूर्ण डिजिटल पडदा आला. किल्ली फिरवायची जागा बटणाने घेतली. पण ते बटण कुठे आहे माहितीये? स्टिअरिंगच्या डावीकडे, जिथे पूर्वीपासून किल्ली असायची. म्हणजे हात सवयीने जिथे जातो तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी असंच करावं का? नाही. म्हणून दुसरी गोष्ट, अमेरिकेची. फोर्ड मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली आणि तुफान विकली गेली. ऐंशीच्या दशकात फोर्डला वाटलं की पुढच्या चाकांना ताकद देणारी, पेट्रोल वाचवणारी गाडी हेच भविष्य. माझदाच्या सांगाड्यावर नवी गाडी तयार होऊ लागली आणि बेत होता की हीच पुढची मस्टँग. बातमी फुटली. त्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन बसणारच नव्हतं. चाहत्यांनी फोर्डवर पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी फोर्डने काय केलं? ती नवी गाडी फेकून दिली नाही, तिला वेगळं नाव दिलं, प्रोब. १९८८ मध्ये ती बाजारात आली. आणि मस्टँग मस्टँगच राहिली.

मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. नवं काही करायचंय ना, करा की. पण त्याला स्वतःच्या पायावर उभं राहू दे, आजोबांचं नाव लावून पत वाढवायची कशाला?

पण थांबा. तीच फोर्ड, नोव्हेंबर २०१९. मस्टँग मॅक-ई. चार दारं, उंच, इलेक्ट्रिक एसयूव्ही, आणि नाकावर तोच पळता घोडा. पुन्हा आरडाओरडा झाला. पण यावेळी कंपनी मागे हटली नाही आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मॅक-ई मूळ मस्टँगपेक्षा जास्त विकली गेली. म्हणजे चाहते चुकले का? मला तसं वाटत नाही. मॅक-ई घेणारे आणि मस्टँग घेणारे हे वेगळे लोक आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे फोर्डने मूळ दोन दारांची, आठ सिलिंडरची मस्टँग बंद केली नाही, तिची सातवी पिढीही काढली. नाव उसनं दिलं, पण घर मोडलं नाही. ते नाव उसनं द्यायला हवं होतं का, यावर माझं अजून ठरलेलं नाही. तुमचं मत कळवा.

तिसरी गोष्ट, टोयोटा सुप्रा. ही आपल्यातल्या बऱ्याच जणांना सिनेमातून आणि गेममधून माहिती. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मग सतरा वर्षं काहीच नाही. २०१९ मध्ये परत आली तेव्हा लोकांनी बॉनेट उघडलं आणि आत निघाली बीएमडब्ल्यू! इंजिन त्यांचं, सांगाडा बीएमडब्ल्यू झेड-फोरबरोबर वाटून घेतलेला, आणि जोडणी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात. इंटरनेटवर जोक्सचा पूर आला.

पण टोयोटाच्या बाजूने विचार करा. सुप्राची ओळख म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर आणि मागच्या चाकांना ताकद. या मधल्या वर्षांत टोयोटाने तसं इंजिन बनवणंच सोडून दिलं होतं. कमी खपणाऱ्या गाडीसाठी ते कोऱ्या कागदावरून बनवायचं तर किंमत आकाशाला भिडली असती. म्हणून ज्यांच्याकडे तसं इंजिन तयार होतं त्यांच्याशी भागीदारी. आपण नाही का, सगळं स्वतः लिहिण्याऐवजी दुसऱ्याची लायब्ररी वापरतो, तसंच. मला यातून कळलं ते वेगळंच. रेघ एकदा तुटू दिली, की नंतर ती जोडता येते, पण हातातलं कसब गेलेलं असतं. ज्यांनी ते इंजिन घडवलं ती माणसं निवृत्त झालेली, साचे मोडलेले. पोर्शेला बदल जमले कारण ते कधी थांबलेच नव्हते.

आणि एक चौथा मार्गही आहे, जो मला आधी माहितीच नव्हता. जुन्या गाडीला नवी बनवू नका, जुनीलाच जगू द्या. निस्सानने २०१७ च्या शेवटी जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे सुटे भाग पुन्हा विकायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रासाठी तेच केलं. माझदाने तर पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी घडीचं छत, त्या काळच्या डिझाइनचे टायर आणि लाकडी स्टिअरिंगसुद्धा पुन्हा बनवून घेतलं. आणि पोर्शेने जुन्या ९११ च्या रेडिओच्या खाचेत बरोब्बर बसेल असा नवा डबा काढला. बाहेरून दोन गोल बटणं, जुन्या रेडिओसारखा. आत नकाशा, फोन, सगळं. मी त्या डब्याचा फोटो बघून पाच मिनिटं नुसती हसत होते. हेच तर मला करायला हवं होतं! बटणं जुनी, आत सगळं नवं.

आता जरा आपल्या घरी येऊ. स्पोर्ट्स कार आमच्या घरात कधी नव्हती, पण बाबांकडे चेतक होती. मी पुढे उभी राहायचे, हँडलला धरून. सकाळी चालू होत नसेल तर बाबा तिला डाव्या बाजूला पार झोपवायचे, मग उभी करून किक. ही क्रिया आमच्या कॉलनीत सात वाजता दहा घरांसमोर चालायची. १९७२ पासून महाराष्ट्रात बनलेली गाडी, तिनेही मधे बरीच वर्षं विश्रांती घेतली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने चेतक नावाची इलेक्ट्रिक स्कूटर दाखवली आणि २०२२ मध्ये आकुर्डीला, जिथे जुनी चेतक बनायची त्याच जागेवर तिचा नवा कारखाना सुरू झाला.

मी बाबांना शोरूममध्ये घेऊन गेले होते. मला वाटलं ते म्हणतील, ही कसली चेतक! गिअर नाही, किक नाही, झोपवायची गरज नाही. बाबांनी काही न बोलता एक चक्कर मारली, मग खाली वाकून बाजूच्या पॅनेलवर बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज ऐकला आणि म्हणाले, "पत्रा आहे. प्लास्टिक नाही." बस्स, त्यांच्यासाठी ती चेतक झाली.

म्हणजे बघा, मी समजत होते की गिअर आणि किक हा चेतकचा आत्मा. बाबांसाठी तो पत्रा होता. कंपनीने दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? म्हणूनच हे काम अवघड आहे. लोकांना नेमकं काय सोडवत नाही, हे टेबलावर बसून ठरवता येत नाही, त्यांना वापरताना बघावं लागतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपण ९११ ची गोष्ट सांगतो कारण ती जगली. अशा कितीतरी गाड्या असतील ज्यांची रेघ कुणीतरी हट्टाने पुढे ओढली आणि कंपनी गाळात गेली. त्यांचे किस्से कुणी सांगत नाही. शिवाय ९११ घेणाऱ्याच्या खिशात पैसे असतात, जुन्या भागाला तो चौपट मोजतो. सांगलीचे काका नाही मोजू शकत. त्यामुळे 'जुनं ते सोनं' असं म्हणून मी नोट लिहिणार नाहीये.

मी काय लिहिलंय, ते सांगते. कच्चा मसुदा तयार आहे. पहिलं, जुनी आवृत्ती आज बंद करू नये, तिला एक वर्ष द्यावं. दुसरं, त्या वर्षात नव्या आवृत्तीत जुनी बटणं जशीच्या तशी चालतील अशी सोय करावी. ते काम मी करीन, कारण ती मीच काढली होती. आणि तिसरं, ते करण्याआधी मी सांगलीला जाऊन एक दिवस दुकानात बसणार. काकांना फोन केला होता. ते म्हणाले, "या की, पण शनिवारी नको, बाजार असतो." मी म्हटलं, काका, मला शनिवारीच यायचंय.

बॉस हो म्हणेल की नाही, माहिती नाही. कदाचित म्हणेल की वर्ष नाही, तीन महिने घे. बुधवारी कळेल, आणि काय झालं ते पुढच्या भागात सांगते.

तोपर्यंत तुम्ही मला एक व्हॉइस नोट पाठवा. तुमच्या घरातली अशी एखादी वस्तू, गाडी, अॅप, काहीही, जिची नवी आवृत्ती आली आणि तुमची बोटं चुकायला लागली. नेमकं काय बदललं होतं तेवढं नक्की सांगा. भेटूया!